सही तेवढी राहिली

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५. पहाटे ५.४०
आजपासून रोजनिशी. मोठे उद्योजक लिहितात असं ऐकलंय. वही कंपनीचीच, म्हणजे खर्च शून्य.

निर्णय झाला. समर्थ पॅकेजिंग प्रायव्हेट लिमिटेड, वराळे, बिटकॉइनमध्ये उतरणार. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांना पुठ्ठ्याचे डबे पुरवून माणूस किती मोठा होणार? कंपनीचे चार लाख बँकेत नुसते लोळत पडलेत. म्हणजे सारिकाने ते डबे चिकटवायच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेत, पण मशीन येऊन करणार काय, तर डबेच चिकटवणार. बिटकॉइन दिवाळीपर्यंत दुप्पट होतो असं पवनचं म्हणणं आहे. पवन माझा मावसभाऊ. कुरवंड्याला बंगले भाड्याने लावून देतो, त्यामुळे मोठ्या लोकांत ऊठबस. म्हणजे दिवाळीला मशीन येणारच, वर चार लाख उरणार.

सारिकाला, म्हणजे बायकोला, सांगितलेलं नाही. लपवत नाही. सरप्राइज आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर
पवन म्हणतो, दादा, पितृपक्ष लागलाय, घट बसू दे. मी म्हटलं, बिटकॉइनला पितर कुठले?  असे बिनतोड प्रश्न मला पटापट सुचतात.

बुधवार, १० सप्टेंबर
लोणावळ्याला बँकेत गेलो. काउंटरवर अमृता मॅडम. वय सत्तावीस-अठ्ठावीस, चष्मा, हसू नाही. फॉर्मवर ‘रक्कम पाठवण्याचे कारण’ असा रकाना होता. लोक तिथे काहीतरी खोटं लिहितात. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: बिटकॉइन, दीर्घ मुदत (दिवाळीपर्यंत).

मॅडमनी वाचलं. पाणी प्यायल्या. परत वाचलं. मग म्हणाल्या, कंपनीचा ठराव लागेल, संचालक मंडळाची बैठक घेऊन. मी म्हटलं, लगेच घेतो. बँकेला शिस्तीची माणसं आवडतात.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. दुपारी
बैठक. स्थळ: कार्ला फाट्याजवळ, उभ्या पिकअपमध्ये. उपस्थित: मी. अनुपस्थित: दुसऱ्या संचालक (सौ. सारिका, कारखान्यात कामात). विषय मी मांडला. अनुमोदन मी दिलं. एकदा माझ्याच मनात शंका आली, तिला मी समाधानकारक उत्तर दिलं. ठराव सर्वानुमते मंजूर. चहाचे वीस रुपये कंपनीच्या खर्चात.

सोमवार, १५ सप्टेंबर
बँकेने ठराव परत केला. म्हणे कंपनीच्या लेटरहेडवर हवा आणि खाली एमडींची सही हवी. मी म्हटलं, मीच एमडी. मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत कॉम्प्युटरमध्ये. डॉक्टर रिपोर्ट बघतात तसं.

खुलासा लिहून ठेवतो. सहा वर्षांपूर्वी महिला उद्योजकांच्या योजनेत सबसिडी मिळत होती, म्हणून कागदावर सारिकाला एमडी केलं आणि एक्कावन्न टक्के तिच्या नावावर. फक्त कागदावर. आपल्याकडे सरपंचबाई निवडून येतात आणि अख्खा गाव त्यांच्या नवऱ्याला सरपंच म्हणतो, तसंच हे. बँकेला एवढी साधी गोष्ट कळू नये?

अडचण काहीच नाही. दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतो, तेव्हा लेटरहेडचा गठ्ठाही पाटावर ठेवतो. सारिका पन्नास कोऱ्या कागदांवर सह्या करते, हळदीकुंकू वाहते, आणि ते मला वर्षभर पुरतात. पद्धत माझीच.

रात्री कपाट उघडलं. गठ्ठा संपलेला. शेवटचा कागद ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांबद्दल ग्रामपंचायतीला पत्र लिहायला वापरला. कुत्री अजून आहेत.

शनिवार, २० सप्टेंबर
सापडला! एक कोरा सहीचा कागद फ्रिजवरच्या वर्तमानपत्रांखाली होता. एका बाजूला चिरंजीवांनी काढलेलं हृदयाचं चित्र (चार कप्पे, नावं घालून), दुसऱ्या बाजूला सही. तातडीने लोणावळा गाठलं.

मॅडम म्हणाल्या, सही हळदीखाली गेलीय. मी नखाने खरवडून पाहिली. हळद निघाली, तिच्याबरोबर सहीही निघाली. शिवाय कंपनीची केवायसी जुनी झालीय, एमडींनी स्वतः यावं लागेल.

बिटकॉइन वर चाललाय. पवन दर तासाला फोटो पाठवतो. हिरवा बाण, खाली त्याचा अंगठा.

गुरुवार, २५ सप्टेंबर
नवीन खुसपट. कंपनीच्या घटनेत उद्दिष्ट लिहिलंय: ‘पुठ्ठ्याचे डबे, खोकी व तत्सम वस्तू.’ गुंतवणुकीचा उल्लेख नाही. मी अमृता मॅडमना शांतपणे समजावलं की बिटकॉइन वॉलेटमध्ये ठेवतात, वॉलेट म्हणजे पाकीट, आणि पाकीट हा डब्याचाच एक पातळ प्रकार आहे.

मॅडम जेवायला गेल्या. सव्वाअकरा वाजले होते.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी
आजचा दिवस नीट लिहायला हवा.

पूजेआधी गठ्ठा सारिकापुढे ठेवला. पन्नास नव्हे, साठ. तिने पर्समधून चष्मा काढला. तिला चष्मा लागलाय हे मला आजच कळलं. म्हणाली, यांच्यावर काय लिवणार हाय? मी म्हटलं, नेहमीचंच. ती म्हणाली, मग नेहमीचं मीच लिवते. आणि मांडी घालून बसली. साठच्या साठ कागदांवर, शाळेत गिरवल्यासारख्या वळणदार अक्षरात, वरच्या कोपऱ्यात एकच ओळ: हे पत्र फक्त डब्यांच्या कामासाठी. मग सही. दोन तास लागले. आरती खोळंबली.

अक्षर चांगलं आहे. ते नाकारता येणार नाही.

आरतीच्या वेळी हिरामावशींनी ताट धरलं नाही. मावशी पहिल्यापासून आमच्याकडे डबे चिकटवतात. म्हणाल्या, शेठ, बोटं उललीत, खळीनं कातडं निगालंय, ज्योतीची धग सोसत न्हाई. हात पदराखाली घेतले. सारिकाने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच का, कोण जाणे.

संकल्प: नफ्यातून हिरामावशींना रबरी हातमोजे. उत्तम प्रतीचे.

सोमवार, ६ ऑक्टोबर
विजय.

सकाळी सारिकाला म्हटलं, केवायसीसाठी बँकेत यावं लागेल. वाटलं होतं वाद घालेल. चल म्हणाली. ठेवणीतली साडी, हातात फाइल. माझ्या बोलण्यात एक वजन असतं, ते तिच्यापर्यंत पोचलं असणार.

मॅनेजरच्या केबिनमध्ये एकच खुर्ची रिकामी होती. मी पुरुषासारखा बाहेर पाण्याच्या कूलरजवळ बसलो. चाळीस मिनिटं. आतून हसण्याचे आवाज. अमृता मॅडमही हसतात. मधे मला आत बोलावलं. सारिकाच्या आधारकार्डाची झेरॉक्स आणायला. दोन्ही बाजू.

शेवटी माझ्यापुढे एक कागद आला आणि सही करा म्हणाले. केली. वाचत बसलो नाही, मोठ्या व्यवहारात विश्वास महत्त्वाचा. कारण तर फॉर्मवर मी महिन्यापूर्वीच लिहून दिलेलं होतं.

गाडीत विचारलं, पैसे गेले का? ती म्हणाली, व्हय, चारी लाख गेले. झालं ना मनासारखं? मी म्हटलं, झालं. खिडकीकडे तोंड करून हसत होती. तिलाही आनंद झालाय.

पवनला कळवलं. त्याने सहा अंगठे पाठवले.

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळी ६
बिटकॉइन कोसळला. रात्रीत.
पवनला फोन. लागत नाही.

दुपारी २
लागत नाही.

संध्याकाळी
कारखान्यात गेलो. दिवाळीच्या ऑर्डरी, बायका रांगेत बसून डबे चिकटवताहेत. हिरामावशींनी बोटांना फडकी बांधलीत. मला म्हणाल्या, शेठ, चा घ्या. चहा तसाच खाली ठेवला. ते चार लाख माझे नव्हतेच, ते त्या बोटांचे होते. हे मी आज लिहितोय. सप्टेंबरमध्ये लिहायला हवं होतं.

रविवार, १२ ऑक्टोबर
सारिकाला सांगायचं ठरवलं. ती भाकरी थापत होती, हातातलं काम मोडू नये म्हणून थांबलो. मग ती जेवली. मग झोपली. झोपलेल्या माणसाला उठवू नये.

सोमवार, १३ ऑक्टोबर
बँकेत जाऊन विचारलं, किती उरले? अमृता मॅडम म्हणाल्या, खात्याची माहिती फक्त एमडींना देता येते. मी म्हटलं, मी गेल्या सोमवारी सही केलीय, मला काहीतरी अधिकार असेल. त्यांनी तो कागद काढून दाखवला. आहे अधिकार. ‘चेकबुक नेण्यासाठी अधिकृत व्यक्ती.’ खाली माझी झोकदार सही.

मी विचारलं, आणि बिटकॉइनचा फॉर्म? तो म्हणे दहा सप्टेंबरपासून ड्रॉवरमध्येच आहे.

मग चार लाख गेले कुठे? एमडींना विचारा म्हणाल्या.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी
कारखान्याच्या दारात सकाळी टेम्पो. आठ माणसांनी मशीन उतरवलं. पुठ्ठा एकीकडून आत, डबा दुसरीकडून बाहेर, चिकटून.

सारिका म्हणाली, मॅडमचा फोन मला सप्टेंबरच्या धा तारखेलाच आलता. खात्याला नंबर माझाय ना. मॅडम म्हनल्या, ताई, तुमचे मिस्टर असं लिवून गेलेत, तुमाला ठावं हाय का? मी म्हनलं, त्यांना कागदं आनायला लावा, तवर मी मशीनचं बघते.

म्हणजे तो ठराव, ती केवायसी, ते उद्दिष्ट, सगळं. पाच आठवडे मी लोणावळ्याच्या खेपा घालत होतो आणि ती मशीनवाल्याशी भाव करत होती. वीस हजार कमी करून घेतले म्हणे.

रागवायला हवं होतं. पण हिरामावशींनी नारळ फोडला, मशीनमधून निघालेला पहिला डबा हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाल्या, आवं शेठ, लय ग्वाड काम केलंत. मला रडू आलं. उदबत्तीचा धूर फार होता.

संध्याकाळी पवनचा फोन लागला. त्याला सांगितलं की बाजार पडायच्या आधीच मी बाहेर होतो. हे अक्षरशः खरं आहे. तो म्हणाला, दादा, तुला कसं कळलं? मी म्हटलं, अनुभव.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर
सारिकाने चेकबुक आणायला पाठवलं. अधिकृत व्यक्ती म्हणून पहिलंच काम. इस्त्रीचा शर्ट घातला.

अमृता मॅडम म्हणाल्या, अधिकारपत्र द्या. दिलं, एमडींच्या सहीचं, गठ्ठ्यातलं. त्यांनी वरच्या कोपऱ्यातली ओळ वाचली. मग मला विचारलं, चेकबुक हे डब्यांचं काम आहे का?

 रिकाम्या हाताने परत आलो. सोमवारी बँकेत यायला वेळ आहे का, सारिकाला विचारतो.