मळखाऊ

गुरुवार, संध्याकाळ

थकले. परवा सकाळी ताडोबाला निघायचं, बॅग अर्धीच भरलीय, आणि घरात कुणी इकडची काडी तिकडे करत नाही.

सफारीवाल्याने कळवलंय, भडक रंग नकोत, खाकी, मातकट असलेच कपडे आणा. म्हणून आज ऑफिस सुटल्यावर विरारच्या बाजारात तासभर फिरले. महेशला मातकट टी-शर्ट, लेकीला हिरवट पँट (तिला गुलाबी टोपीच हवी होती, रडारड झाली), सासूबाईंना करडी शाल.

मग माझे कपडे काढायला कपाट उघडलं. सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुला नवीन काय आनायला नको. तुझं सगळं वाघाला चालनारं हाय."

हसल्या. मनात काही नव्हतं त्यांच्या. मीही हसले. पण खरंच... राखाडी, चॉकलेटी, काळपट हिरवा. हे कधीपासून? दुकानात हात आपोआप मळखाऊ रंगाकडेच जातो. डाग दिसत नाहीत, घाईत काहीही चालून जातं. घरातही मी लपूनच वावरते की काय?

खालच्या कप्प्यात राणी रंगाचा कुर्ता सापडला. दोन दिवाळ्यांपूर्वी घेतलेला, दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच. इस्त्री करून दारामागे अडकवला.

महेश म्हणाला, "अगं, हा रंग तिथे चालत नाही ना?"

माहितीय. तिथे मळखाऊच घालणार आहे. हा घरातून निघताना. जंगल लागेपर्यंत तरी दिसेन मी.