कुवतीचा रकाना

१ सप्टेंबर, सोमवार

तक्ता आला. दोनशे बावीस रकाने! गेल्या वर्षी एकशे नव्वद होते. नवीन रकाना — ‘घसरल्यावर तोल सावरण्याची क्षमता’. आता कोण कधी घसरतंय ते बघत मी मैदानाच्या कडेला दुर्बीण घेऊन बसू का?

मुदत तीस तारखेपर्यंत. मान आजच दुखायला लागली.

२ सप्टेंबर

हिने सकाळी डबा भरताना विचारलं, "अजून किती वर्षं हे करणार आहात?" मी म्हटलं, बावीस झाली. म्हणाली, "मी ते विचारलं नाही."

बरोबर आहे तिचं. दिवसभर वर्कशॉपमध्ये लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासायच्या आणि घरी येऊन आपले डोळे फोडायचे. कशासाठी? तर फुटबॉलच्या कॉम्प्युटर गेमची एक प्रत फुकट मिळते आणि शेवटी नावांची जी लांबलचक यादी सरकते तिच्यात आपलं नाव येतं. ती यादी आजवर कुणी शेवटपर्यंत बघितली असेल असं मला वाटत नाही. मी बघतो.

पण पहिला गेम आठवतो. दोन फ्लॉप्या. काळा पडदा आणि त्यावर नुसती वाक्यं. तुम्ही मॅनेजर. संघ निवडायचा, कोण कुठे खेळणार ते सांगायचं आणि मग हाताची घडी घालून वाचत बसायचं. ‘डावीकडून क्रॉस... डोकं लावलं... बाहेर!’ एवढ्यावर मी खुर्चीतून उठायचो. पुढे ठिपके आले — हिरव्या पट्टीवर बावीस ठिपके. मग गुडघे नसलेल्या बाहुल्या. मग बाहुल्यांना गुडघे आले, घाम आला, केसांचे भांग आले. आता पत्रकार प्रश्न विचारतात, एजंट धमक्या देतात, राखीव गोलकीपरशी चार दिवस बोललं नाही तर तो रुसतो. पूर्वी एका रविवारात अख्खा मोसम संपायचा. आता एका रविवारात एक सराव सामना होतो आणि तीन जणांचे रुसवे काढावे लागतात. त्यासाठी घरची माणसं कमी आहेत का!

आणि या प्रत्येक बाहुलीच्या आतले आकडे आमच्यासारखे लोक भरतात. गावोगावचे, प्रत्येकाकडे एक क्लब. माझ्याकडे आमचा हा — खालून दुसऱ्या विभागातला. सुरुवातीला आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने भरून पोस्टाने पाठवायचो. तीस रकाने होते. काम सोपं होतं आणि मी चाळिशीच्या आतला होतो.

४ सप्टेंबर

परिपत्रक आज नीट वाचलं. दुसऱ्या पानावर तळाशी — यंदा पहिल्यांदाच महिलांचे सगळे विभाग गेममध्ये येणार. म्हणजे आमच्या क्लबच्या मुलीही. म्हणजे आमची धाकटी मुलगीही.

दोनदा वाचलं. मग चहा केला. मग परत वाचलं.

५ सप्टेंबर

एक्सेलचा फोन. (आमच्या विभागाचा प्रमुख. खरं नाव वेगळं आहे, पण त्याच्याशी रकान्यांच्या पलीकडे कधी बोलणंच झालं नाही.) म्हणाला, "काका, एक सांगायचं राहिलं. हे तुमचं शेवटचं वर्ष."

मी म्हटलं, म्हणजे मी काही चुकलो?

"नाही हो काका! सगळ्यांचंच. पुढच्या वर्षापासून मैदानांवरचे कॅमेरे आकडे देणार. कोण किती धावलं, किती उडी मारली. माणूस नको."

मी विचारलं, आमच्या मैदानावर साधा स्कोअरबोर्ड चालत नाही, कॅमेरा कुठून येणार? तर म्हणे, जिथे कॅमेरे नाहीत तिथले यंदाचे आकडेच पुढे चालू राहतील. कधीपर्यंत? ते त्यालाही माहीत नाही.

बावीस वर्षं आणि फोन चार मिनिटांचा. धन्यवाद म्हणाला नाही, असं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

मुलींचा सामना. वही घेऊन गेलो. धाकटी म्हणाली, "बाबा, तू वही आणलीस की सगळ्याजणी नीट खेळायला लागतात. आणत जाऊ नकोस." तिला एकोणिसावं चालू आहे. मधल्या फळीत खेळते.

सत्तराव्या मिनिटाला जे केलं ते लिहून ठेवतो. उजवीकडून जोरात पास आला. दोघी तिच्या अंगावर. तिने चेंडू अडवलाच नाही! पाय उचलला आणि पायांखालून जाऊ दिला. मागे ती डावीकडून पळणारी मुलगी — जिला सगळे ‘वारा’ म्हणतात — एकटी उभी. गोल. धाकटीने मागे वळून बघितलं नव्हतं. आधी कधीतरी बघून ठेवलं असणार. बावीस वर्षांत या मैदानावर असं करणारी दोन माणसं बघितली. एक पुढे मोठ्या विभागात गेला.

वहीत नुसतं ‘दूरदृष्टी — वीसपैकी १७’ असं लिहिलं.

८ सप्टेंबर

कामावर जायच्या आधी तासभर बसून धाकटीची ओळ भरली. सगळे रकाने भरले आणि शेवटी तो आला — ‘कुवत’. हा आकडा गेम खेळणाऱ्याला दिसत नाही. आज कशी खेळते ते वेगळं, आणि उद्या जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकेल ते वेगळं. शंभरपैकी. एकदा भरला की बाहुली त्याच्या वर कधीच जात नाही, कितीही घाम गाळू दे.

८१ लिहिलं. बरोबर आकडा आहे.

१३ सप्टेंबर

धाकटीने जेवताना विचारलं, "तक्ता पाठवलास का?" म्हटलं, अजून नाही. "माझी ओळ भरलीस?" म्हटलं, ते गुप्त असतं. ही हसली. "गुप्तहेरच आहात अगदी!"

१७ सप्टेंबर

एक्सेलची सगळ्यांना सूचना. कुठल्याशा विभागातल्या एकाने तीन वर्षांपूर्वी आपल्या भाच्याला ९४ कुवत दिली होती. गेम खेळणाऱ्यांनी फाइली उघडून शोधून काढलं. भाचा खऱ्या आयुष्यात राखीव बाकावर बसणारा! जगभर हसं झालं. अजूनही कुणी फालतू खेळाडू दिसला की लोक ‘भाचा आला’ म्हणतात. त्या पोराने खेळणं सोडलं म्हणे. सूचनेत शेवटी — ‘नातेवाईक असल्यास कळवावे.’

मी कळवलं नाही. कळवलं तर तिची ओळ दुसऱ्या कुणाला देतील, ज्याने तिला कधी बघितलंही नाही. तो काय भरणार? सरसकट पन्नास.

१८ सप्टेंबर

दिवसभर एकच काच तीनदा बिघडवली. मालक म्हणाले, "तुमचाच नंबर तपासून घ्या एकदा."

डोक्यातून ‘भाचा’ जात नाही.

१९ सप्टेंबर

८१ चं ६८ केलं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर स्वतःला फसवता येणार नाही. बाप म्हणून जेवढं जास्त दिलं असेल तेवढं कापायचं. किती जास्त दिलं होतं? माहीत नाही. म्हणून जरा हात सैल सोडून कापलं. वाऱ्याला ७९ ठेवलं, उंच गोलकीपर मुलीला ७७. त्या माझ्या कुणी नाहीत, त्यामुळे त्यांचे आकडे स्वच्छ.

हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नुसता थकवा.

२३ सप्टेंबर

धाकटी सरावाला तासभर आधी जायला लागली आहे. आज पुन्हा विचारलं, "पाठवलास?" मी जरा खेकसलोच — पाठवल्यावर सांगीन की! ती बूट घेऊन निघून गेली.

३० सप्टेंबर

पाठवला. संकेतस्थळाने दर वीस मिनिटांनी बाहेर काढलं, पाच वेळा. शेवटी हिरवी खूण आली. बावीस वर्षांचं काम संपलं. घरात कुणी नव्हतं. कपडे वाळत घातले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गेम आला. धाकटीची बाहुली पाहिली — केसांची वेणी अगदी तशीच! ही म्हणाली, "नाक तुमचंच घातलंय." तिघंही हसलो. धाकटी सगळ्यांत कमी.

यादी शेवटपर्यंत बघितली. नाव चुकीचं छापलंय. कळवावंसं वाटलं नाही.

२४ नोव्हेंबर

कोचबाई वर्कशॉपमध्ये आल्या, चष्म्याचं निमित्त काढून. शहरातल्या मोठ्या क्लबने निवड चाचणीला मुली बोलावल्यात. आमच्यातल्या दोघी — वारा आणि गोलकीपर. धाकटी नाही.

"मला पटेना, म्हणून फोन केला," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे एवढी माणसं नाहीत हो प्रत्येक मैदानावर पाठवायला. पहिली चाळणी त्या तुमच्या गेमच्या फाइली उघडून लावली म्हणे. पंचाहत्तरच्या वर कुवत असेल तिलाच बोलावलं. आता तो आकडा कोण गाढव भरतं कुणास ठाऊक!"

मी त्यांची काच पुसत होतो. पुसतच राहिलो.

गेम कधीकाळी खऱ्या खेळाची नक्कल होता. आता खरे लोक त्याच्याकडे बघून माणसं निवडतात. हे कधी झालं ते मला कळलंच नाही. बावीस वर्षं आत बसून कळलं नाही!

२५ नोव्हेंबर

एक्सेलला फोन. एक आकडा चुकलाय, बदलायचाय. "काका, तुमचा प्रवेश बंद झाला ना तीस सप्टेंबरला." मग तू बदल. "कारण काय लिहू?" मी म्हटलं, लिही की भरणारा तिचा बाप आहे. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काका, हे मी ऐकलं नाही असं समजतो. असं कळलं तर ओळच उडवतील. आणि बापाने वाढवून मागितलेला आकडा कोण वाढवेल, तुम्हीच सांगा."

त्याचं काय चुकलं!

२६ नोव्हेंबर

हिला सगळं सांगितलं. ही हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. ऐकता ऐकता तिने भांडी पुसून संपवली. मग, "आमच्याकडे घरच्या माणसाचा नमुना आला की आम्ही तो मुकाट्याने शेजारच्या टेबलावर देतो. का, माहितीये? जास्त चांगलं लिहू म्हणून नाही. हात नीट चालत नाही म्हणून."

मी म्हटलं, मला प्रामाणिक राहायचं होतं.

"प्रामाणिक ८१ होतं," ही म्हणाली. "६८ म्हणजे तुमची अब्रू."

मग म्हणाली, तिला सांगा. मी नाही सांगणार.

२७ नोव्हेंबर

सांगितलं नाही. ती सरावाला गेली होती.

२८ नोव्हेंबर

सांगितलं नाही. मी घरीच होतो, तीही होती. शब्द तोंडापर्यंत येतात आणि मी भलतंच काहीतरी विचारतो. आज विचारलं, गरम पाणी आहे का.

३० नोव्हेंबर, रविवार

वारा आणि गोलकीपर चाचणीला गेल्या. धाकटी त्यांना बसपर्यंत सोडायला गेली. दोघींच्या बॅगा तिनेच उचलल्या होत्या. मी खिडकीतून बघितलं. परत आली, हात धुतले, जेवली. भाजी आवडली म्हणाली.

उद्या सांगायचंच. काही झालं तरी.

१ डिसेंबर

सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या. भाचा, सूचना, कापलेला आकडा, सगळं. माफी मागितली. ती कांदा चिरत होती, चिरतच राहिली.

"माहितीये, बाबा. आधी ८१ होतं. एकोणीस तारखेला ६८ केलंस." कॉम्प्युटर घरचा आहे, तक्ता कधीच बंद केलेला नसतो. मग म्हणाली, "मला बदलता आलं असतं. एक आकडा तर होता. पण मला वाटलं, तूच परत करशील."

तिने सुरी बाजूला ठेवली.

"तू कामावर गेलास की उघडून बघायचे. रोज. तीस तारखेपर्यंत."