दोन गाड्या, दोन वह्या

दि. ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी प्रकृती बरी असेल आणि खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याशी झालेला तुझा तह अजून टिकून असेल, अशी आशा आहे. फोनवर तुला निम्मेच ऐकू येते आणि उरलेले निम्मे तू स्वतःच्या मनाने भरतेस, म्हणून हे सविस्तर पत्र. शिवाय महत्त्वाचा निर्णय कागदावरच व्हावा, हा धडा लहानपणी तूच माझ्याकडून गिरवून घेतला आहेस.

पुनर्वसन केंद्रातल्या माझ्या नोकरीचे तुला ठाऊक आहेच. अर्धांगाने घरी पडून असलेल्या रुग्णांकडे जाऊन मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. रोज सात घरे, सुमारे नव्वद किलोमीटर. आठ महिने कच्ची नेमणूक आणि काम पसंत पडले तर कायम. पण आईची जुनी गाडी गेल्या महिन्यात तीनदा रस्त्यात बसली आणि तिसऱ्या वेळी आठ दिवस गॅरेजमध्येच मुक्कामाला राहिली. त्या आठ दिवसांत शिंपीकाकांची बोटे, जी उघडायला आम्ही दोघे महिनाभर खपलो होतो, ती पुन्हा मिटली. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट, गाडीलाही आपलाच आजार जडला का, असे विचारून हसले. आत्या, ते ओरडले असते तर बरे झाले असते. केंद्राच्या प्रमुखांनी मात्र आडपडदा ठेवला नाही. यापुढे एक जरी फेरी चुकली, तरी ही घरे दुसऱ्याकडे सोपवून माझ्या नेमणुकीचा फेरविचार करावा लागेल, असे त्यांनी सांगितले.

तेव्हा गाडी बदलायची आहे. कोरी परवडणार नाही, वापरलेलीच घेईन. रोज सकाळी बिनतक्रार सुरू व्हावी ही पहिली अट. दुसरी अट सांगण्यासाठी धीर एकवटते आहे: ती चालवताना मजा यावी. सात घरांतली दुखणी ऐकून झाल्यावर खाणीजवळचा तो वळणावळणांचा रस्ता एवढाच दिवसातला माझा स्वतःचा वेळ असतो.

वजने-मापे तपासण्याच्या प्रयोगशाळेची तू तीस वर्षे प्रमुख होतीस. तुझ्या हातून खोटे वजन कधी सुटले नाही. आता मला एक गाडी पारखून दे.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे. निदान त्याला तरी गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळाले. अक्षर सुधारले आहे. परिच्छेद अजून धापा टाकतात. औषधवाल्याशी तह मोडला. गोळ्या केव्हा घ्यायच्या, हे त्याने पाकिटावर अंदाजाने लिहिले होते.

'मजा' या शब्दापाशी मी चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा वाचली. शब्द तोच निघाला. मजेसाठी झोपाळा असतो. गाडी हे साधन आहे. माझ्या तक्त्यात त्या अटीला रकाना नाही.

आता नीट वाच. इंजिन थंड असतानाच गाडी पाहायला जा. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर तो काहीतरी लपवतो आहे असे समज. सुरू करताच मागून निळसर धूर निघाला, तर इंजिन तेल पिते. टायर सगळीकडे सारखे झिजलेले असावेत. सरळ, सपाट रस्त्यावर स्टिअरिंगवरचा हात क्षणभर सैल करून पाहा. गाडी एका बाजूला ओढू लागली, तर तिने पूर्वी कोठेतरी मार खाल्लेला असू शकतो. या सर्वांना मिळून मी पन्नास गुण ठेवले आहेत. उरलेले पन्नास एकट्या देखभालीच्या वहीचे. ज्याची वही नीट, त्याची गाडी नीट. प्रयोगशाळेत मी वही पाहून माणूस ओळखत असे, आणि त्यात कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

शिंपीकाकांची बोटे मिटली, हा दोष तुझा नव्हे, यंत्राचा आहे. पुढच्या वेळी मात्र तो यंत्र निवडणाऱ्याचा असेल.

आशीर्वाद भरपूर पाठवले आहेत. कमी पडल्यास कळवावे.

आत्या


दि. २१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा तक्ता हातात घेऊन दोन आठवड्यांत बारा गाड्या पाहिल्या. एका गृहस्थाच्या गाडीतून एवढा निळा धूर निघाला की शेजारणीने खिडक्या लावून घेतल्या. तो गाडीचा स्वभावच आहे, असे ते म्हणाले. दुसऱ्याने इंजिन एवढे तापवून ठेवले होते की मी बॉनेटवर हात ठेवताच ओरडले. तुझी आठवण आली आणि हसू आले. दहा गाड्या बाद केल्या, दोन उरल्या.

पहिली राखाडी, चार दारांची, सहा वर्षे जुनी. जुन्या गाड्यांच्या दलालाकडे आहे. आवाज नाही, धक्का नाही, तक्रार नाही. तिच्यात बसले की बँकेत नंबर लागण्याची वाट पाहत बसल्यासारखे वाटते.

दुसरी लाल, छोटीशी, नऊ वर्षे जुनी, हाताने गिअर टाकण्याची. बेकरीवाल्या एका बाई पाव पोचवायला ती वापरत. आता गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही, म्हणून विकताहेत. थंड इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले. दुसऱ्या गिअरमध्ये खाणीचे वळण घेताना मी चक्क मोठ्याने हसले. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या की लाजू नकोस, मीही नऊ वर्षे इथेच हसते आहे.

दोन्ही गाड्या आमच्या मिस्त्रींना दाखवल्या. ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक इंजिनावर आणि दुसरे कानावर टेकवून डॉक्टरासारखे डोळे मिटतात. लाल गाडी नऊ वर्षांची असून खोकत नाही, असे त्यांचे निदान आहे. राखाडीचे इंजिनही वाईट नाही म्हणाले, पण तिच्या ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून आतले लोखंड दिसते, ते त्यांना खटकले. मात्र आपल्याला फक्त ऐकता येते, कागदाचे तुमच्या आत्यांना विचारा, असेही म्हणाले. तुझी कीर्ती गॅरेजपर्यंत पोचवल्याबद्दल क्षमस्व.

दोन्ही मूळ वह्या थोड्या दिवसांसाठी मागून आणून सोबत पाठवते आहे. एवढा वेळ माझ्यासाठी देणारे दुसरे कोण आहे मला?

माया असावी, माझ्या गाडीवर नसली तरी माझ्यावर असावी.

तुझी,
भिंगरी


दि. २५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

राखाडी. विषय संपला.

तिच्या वहीत अकरा नोंदी आहेत: दर पाच हजार किलोमीटरला एक, सरळ ओळीत, एकाच शाईत, एकही खाडाखोड नाही. अशी वही पाहिली की डोळे निवतात. पन्नासपैकी पन्नास दिले. इतके गुण मी आयुष्यात कोणाला दिलेले नाहीत. तुझ्या बापालाही नाहीत, आणि तो माझा सख्खा भाऊ होता.

त्या बेकरीवाल्या बाईंची वही मात्र मी चिमटीत धरून वाचली. पिठाचे ठसे, तेलाची बोटे, सहा ठिकाणी आकडे खोडलेले. एके ठिकाणी लिहिले आहे, 'क्लच जड वाटतो. मिस्त्री म्हणतो भास आहे.' खाली दुसऱ्या पेनाने, 'भास नव्हता.' वाहनाची वही म्हणजे रोजनिशी नव्हे. पन्नासपैकी बारा, तेही प्रामाणिकपणे पिठात माखली म्हणून.

पेडलचे म्हणशील, तर काही माणसांचे पाय जड असतात. तुमच्या मिस्त्रींचे कान उत्तम असतील. त्यांनी ते इंजिनालाच लावावेत.

सुखरूप राहा आणि सांगितले ते कर.

आत्या


दि. ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडले. आता एका दमात सांगते. मी लाल गाडी घेतली. आज तीन दिवस झाले.

तुझे पत्र पर्समध्ये ठेवूनच मी दलालाकडे गेले होते. राखाडीच नक्की करणार होते. सही करण्याआधी एकदा आत बसले आणि पेडलवर पाय ठेवला. आत्या, मी दिवसभर माणसांचे पाय पाहते. चपलेचा तळ पाहून कोण किती वर्षे लंगडते आहे ते मला सांगता येते. त्या गाडीत बसताना-उतरताना जिथे मांडी घासते, ती सीटची कड पार बसून गेली होती आणि स्टिअरिंगवरची नक्षी हातांनी घासून गुळगुळीत झाली होती. वही म्हणत होती पंचावन्न हजार. अंग त्याच्या दुप्पट सांगत होते. रुग्णाचे कागद एक बोलतात आणि अंग दुसरे बोलते, तेव्हा अंगावर विश्वास ठेवायचा, हा माझा धंदा आहे. मी उतरले आणि तडक बेकरी गाठली.

तुझे न ऐकता घेतलेला हा माझा पहिलाच मोठा निर्णय. तुझ्या रागाची मला सवय आहे. तुला वाईट वाटले तर काय करायचे, ते मात्र मला माहीत नाही. काल एका अनोळखी नंबरावरून पाच वेळा फोन आला. तू औषधवाल्याला माझी कानउघाडणी करायला बसवले असणार, असे वाटून मी उचलला नाही.

रागावलीस तरी पत्र लिही. कोरे पाठवलेस तरी जपून ठेवीन.

तुझी,
भिंगरी


दि. ३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

राखाडी गाडी घेऊ नकोस. घेतली असल्यास आज परत कर. दलालाने कुरकुर केली तर त्याला हे पत्र दाखव.

काल दोन्ही वह्यांची माहिती मी माझ्या दप्तरासाठी उतरवून घेत होते. प्रयोगशाळेच्या सवयीने प्रत्येक तारखेपुढे कॅलेंडर पाहून वार लिहिला. राखाडीच्या अकरा नोंदींपैकी तीन रविवारच्या निघाल्या. आणि वहीवर प्रत्येक नोंदीखाली ज्या वर्कशॉपचा शिक्का आहे, त्या शिक्क्यातच लिहिले आहे की रविवारी बंद. मग मी भिंग घेतले. सहा वर्षांत अकरा वेळा, आणि अक्षराचा कल एक, जाडी एक, दाब एक! एवढ्या काळात माणूस आजारी पडतो, घाईत असतो, पेन हरवतो. ही वही कोणीतरी एका बैठकीत, टेबलाशी आरामात बसून लिहिलेली आहे. आणि तिला पन्नासपैकी पन्नास मी दिले.

नंतर लाल गाडीची वही तपासली. एकोणीस नोंदी, एकही रविवारची नाही. बाईंनी खोडलेले आकडे पाहिले. घाईत चुकीचा लिहिला, पुन्हा वाकून पाहिला आणि दुरुस्त केला, असा प्रत्येक आकडा आहे. खरी वही गाडीशेजारी उभ्याने, मळक्या हातांनीच लिहिली जाते. तीस वर्षांत डागांसाठी मी किती प्रामाणिक माणसांना उभे-आडवे बोलले असेन, हा हिशेब माझा मला करावा लागेल. त्याची झळ तुला नको.

तुमच्या मिस्त्रींचे ऐकायला हवे होते, हे त्यांना माझ्या वतीने सांग. चूक माझी आहे, संपूर्ण माझी. माझ्या गर्वापायी तुझी नोकरी आणि तुझ्या रुग्णांचे हातपाय पणाला लागले, या विचाराने काल जेवण गेले नाही. औषधवाल्याला दुकान अर्धवट सोडायला लावून पाच वेळा फोन लावला. पाचव्या वेळी त्याने नंबर चुकला असेल अशी शंका काढली. मी त्याला काहीही बोलले नाही. यावरून माझी अवस्था ओळख.

लोभ असू द्यावा. या वेळी मागणारी मी आहे.

आत्या


दि. १२ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मार्चमध्ये आपली पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडून गेली, ते आठवले की अजून हसू येते. दोघी एकाच दिवशी एकमेकींची माफी मागत होतो!

आज मात्र बातमी आहे. माझी नेमणूक कायम झाली. साडेपाच महिन्यांत एकही फेरी चुकली नाही. गाडीची बॅटरी एकदा बदलली आणि डावी काच निम्म्यावरच अडकते, बाकी तक्रार नाही. शिंपीकाका सुई धरू लागले आहेत. ओवता येत नाही अजून, पण धरतात.

प्रमुखांनी माझे अभिनंदन केले तेव्हा मला तुझा तक्ता आठवला. वहीपुरती तू चुकलीस, पण उरलेल्या पन्नास गुणांनी मला दहा सापळ्यांतून वाचवले. थंड इंजिन, धूर, टायर, हे मला कोणी शिकवले? अंगावर विश्वास ठेवायचा तर आधी ते नीट पाहावे लागते, आणि नीट पाहायला मी तुझ्याच टेबलाशी शिकले. हे ऋण मला फेडायचे नाही, मिरवायचे आहे.

येत्या गुरुवारी माझ्याबरोबर फेरीला येशील का? सकाळी सातला न्यायला येते. नाही म्हणायला वेळच राहू नये, म्हणून पत्र मुद्दाम उशिरा टाकते आहे.

तुझी माया मला पुरून उरते. उरेल ती माझ्या रुग्णांना वाटू दे.

तुझी,
भिंगरी


दि. २४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गुरुवारची फेरी होऊन आठवडा उलटला. कमरेने दोन दिवस निषेध नोंदवला. आता ती शांत आहे.

खाणीजवळच्या दुसऱ्या वळणावर मी मोठ्याने हसले, हे तू पाहिलेस. नाकारत नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी हा आवाज कोणाचा, म्हणून आधी मीच दचकले. तुझी गती योग्य होती. गिअर एकदा कर्कश पडला, तो सुधार.

पण हे पत्र तिसऱ्या घराविषयी आहे. ते गवंडीदादा पलंगावरून उठून, तुझ्या हाताला हात न लावता, खुर्चीपर्यंत चार पावले आले. मी आयुष्यभर ग्रॅमचा हजारावा भाग मोजला. ती चार पावले मोजताना माझा आकडा दोनदा चुकला. त्यांच्या पत्नीने माझे दोन्ही हात धरले. गाडी आत्यांनीच पारखून दिली ना, असे विचारले आणि माझे आभार मानू लागल्या. मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडले, तोच तू हो म्हणून मोकळी झालीस. खोटी नोंद माझ्या देखत झाली आणि मी ती तशीच राहू दिली. परतताना वाटेत ती नोंद मी मनाशी पुन्हा तपासली. तू माझे ऐकले नाहीस, म्हणून तो माणूस खुर्चीवर बसला होता. आणि तरीही श्रेय देताना तू मला वगळले नाहीस. असे वागायला मी तुला शिकवलेले नाही. ते तू कोठून आणलेस, हे मला ठाऊक नाही, पण त्याबद्दल मी तुझी आभारी आहे. हा शब्द मी फार थोड्यांसाठी वापरला आहे.

पुढच्या गुरुवारीही यावे म्हणते. सात वाजता फाटकापाशी उभी असेन. तुला पाच मिनिटे उशीर झाला, तरी मी काही बोलणार नाही.

सहा झाली तर बोलेन.

तुझी,
आत्या