रुकय्यामावशी जामीन राहिली

शुक्रवार, संध्याकाळ

अजून खरं वाटत नाही. आमच्या खानावळीशेजारचा गाळा घ्यायला पतसंस्था कर्ज देणार, भिंत पाडून बसायची जागा दुप्पट होणार. आणि हे कुणामुळे? तर रुकय्यामावशीमुळे!

दुसरा जामीन म्हणून दीर मुंबईहून यायचे होते. आलेच नाहीत, फोनही उचलेनात. पतसंस्थेतले साहेब म्हणाले, जामिनाशिवाय फाईल पुढे जायची नाही. हे तर खाली मान घालून बसले. तेवढ्यात पैसे भरायच्या रांगेतून मावशी पुढे आली. रोज जिच्याकडून मी मासळी घेते, तीच. मनगटावर माशाचं खवलं तसंच चिकटलेलं.

"मी ऱ्हाते जामीन. मी पण सभासद हाय."

साहेबांनी विचारलं, "यांना कितपत ओळखता?"

"रोज भांडतो आम्ही! दहा रुपयांसाठी जी एवढी भांडते, ती तुमचे पैसे बुडवील काय?"

आणि सही केली. ते खवलं काय चमकत होतं तेव्हा! ह्या बाईला मी किती वेळा "लुटतेस मला" म्हटलं असेल. आणि ती? त्या भांडणात ती मला पारखत होती?

बाहेर आल्यावर तीच म्हणाली, "उद्या सुरमई आणतेय गो. भाव कमी करायची नाय हां."

ते खवलं डोळ्यांसमोरून हलत नाही.

उद्या भांडायलाच हवं. मुकाट्यानं पैसे दिले तर तिला वाटेल, माणूस ओळखायला आपण चुकलो.