रेघा पुसायच्या नाहीत

४ मार्च, मंगळवार

आधीच माफी मागते. शुद्धलेखन माझं पहिल्यापासून दिव्य! आणि टाइप एका बोटानं करतेय, मामाच्या जुन्या कंप्युटरवर. त्याचं एक बटण रुसलंय, दोनदा दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. म्हणजे वेळ लागणार. लागू दे. इथं कुणाला घाई आहे!

वाचणारं कुणी नाही म्हणूनच लिहितेय. तोंडानं बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. शाळा त्यापायीच सुटली, नववीत. उभं राहून धडा वाचायचा आणि माझ्या तोंडातून नुसती हवा. पोरी हसायच्या. एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, मग गेलेच नाही. मामा मला रेडिओ म्हणतो. "काय रेडिओ, आज काय बातम्या?" मी मान हलवते. "स्टेशन लागत नाही वाटतं!"

तर आजची बातमी. आईचे शेक सुरू झाले. आईला स्तनाचा कॅन्सर आहे. (लिहिलं एकदाचं.) गाठ काढून झाली. आता रोज मशीनखाली झोपवून किरणं देतात, फक्त शनिवार-रविवार सुट्टी. दुखत नाही म्हणे. हात मात्र डोक्यावर धरून ठेवायला लागतो. ऑपरेशनच्या बाजूचा, तो दुखतो.

आईच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा मारल्यात. काखेजवळ एक फुली. मशीन चालवते ती ताई म्हणाली, "रेघा पुसायच्या नाहीत हं. घासायचं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत राहिल्या पाहिजेत."

आई म्हणाली, "मला सांगताय होय!"

आई शिंपीण आहे. जन्म गेला तिचा रेघा मारण्यात.

९ मार्च, रविवार

घर किती गप्प आहे. शिलाई मशीनवर चादर टाकलीय. ऑपरेशन झाल्यापासून ती काढलीच नाही.

मी लहान होते तेव्हा मशीनच्या टेबलाखाली झोपायचे, चिंध्यांच्या ढिगावर. डोक्यावर खडखडखडखड. आईचा पाय खाली-वर. कधी थांबला की मी जागी व्हायचे. मग ती वाकून बघायची, ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं सगळं नाकातून. "झोअ, झोअ." म्हणजे झोप, झोप. बाबा तोवर गेले होते. मामा बेकरीची गाडी घेऊन पहाटेच बाहेर. म्हणजे घरात आम्ही दोघी आणि ती खडखड.

आता आवाज नाही तर झोपच येत नाही.

११ मार्च, मंगळवार

आईनं अंघोळ झाल्यावर पावडरचा डबा उचलला. बघितलं. परत ठेवला. पावडर बंद, सेंट बंद, वासाचा साबण बंद. म्हणाली, "नवी नवरी असल्यासारखं जपतेय स्वतःला. नवरी असताना नव्हतं जपलं!"

१७ मार्च, सोमवार

लाल झालंय. उन्हात भाजल्यासारखं, पण बरोब्बर रेघांच्या आतच. बाहेर काही नाही! आई आरशात बघून म्हणाली, "कटिंग मात्र सफाईदार आहे हं बाईचं."

त्या ताईचं नाव आम्ही रेघवाली ठेवलंय.

खाज सुटते. खाजवायचं नाही. आई तळहात नुसता वर धरते, टेकवत नाही. इस्त्री तापली का बघताना धरते तसा.

२० मार्च, गुरुवार

उकडतंय. घामानं रेघा पुसट झाल्या. काखेजवळची फुली तर दिसेना.

आईचा नियम आहे — पहिली ट्रायल होईपर्यंत रेघ दिसली पाहिजे. खडू पुसट झाला की लगेच वरून फिरवायचा, नाहीतर कात्री भरकटते. तिला राहवेना. म्हणाली, "उद्या त्यांना दिसली नाही म्हणजे? ते पेन आण." आमच्याकडे कपड्याच्या आतल्या कडेला खूण करायचं पेन आहे, धुण्यात जात नाही असं.

तिचा हात वळेना. मला म्हणाली, "तू मार."

मी! आजवर मला काज-बटण आणि हातशिलाई, बस. खडू नाही, कात्री तर नाहीच. कात्री मागायची नसते, दिली की घ्यायची, हेसुद्धा तिचंच. आई आरशासमोर ताठ उभी राहिली आणि टेप लावून सांगायला लागली, गिऱ्हाइकाचं सांगते तसं. "गळ्यापासून सात. हां, तिथून खाली सरळ. श्वास धर. हात थरथरू देऊ नकोस गं, मी काय चावते?"

छान आल्या रेघा. मला खरंच आवडल्या. आई म्हणाली, "हात आहे तुला."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती असं काही म्हणाली.

२१ मार्च, शुक्रवार

घोटाळा! मोठा घोटाळा!

रेघवालीनं आईला मशीनवर घेतलं आणि थांबली. म्हणाली, "ह्या रेघा माझ्या नाहीत."

आई म्हणाली, "तुमच्याच आहेत. जरा गडद केल्या."

"नाही हो मावशी. माझ्या इतक्या सरळ येतच नाहीत!"

मग डॉक्टर आले. मग सगळे आमच्याकडे बघायला लागले. मी भिंतीत शिरायचीच राहिले. आजचा शेक झालाच नाही. सगळं माप परत पहिल्यापासून घ्यावं लागलं. वर त्या पेनानं कातडी आणखी चिडली. रेघवाली ओरडली नाही, पण तिचा चेहरा पडला. म्हणाली, "दोन बोटं सरकलं असतं तर किरण भलतीकडे गेला असता. असं परत नका करू."

आई गाडीत बसली आणि रडली. पावाच्या रिकाम्या ट्रेंच्या मध्ये बसून. मामानं बघितलं आणि त्याचं डोकंच फिरलं. "माझ्या बहिणीला रडवतात म्हणजे काय? थांबा, बघतोच." तो तावातावानं आत गेला. आम्ही वाट बघत बसलो. चांगला अर्धा तास लावला त्यानं. आला तो शांत.

आई म्हणाली, "भांडलास?"

म्हणाला, "अं? हो. म्हणजे, तिचंही बरोबर आहे."

२४ मार्च, सोमवार

रेघवालीनं आज आईला नीट समजावलं. कापड टेबलावर पडून राहतं, अंग नाही राहत. रेघा मारल्या त्या झोपवून, हात वर घेऊन. उभं राहिलं की सगळं खाली ओघळतं. म्हणून आई उभी असताना मारलेली रेघ कितीही सरळ असली तरी वाकडीच.

आई परत येताना गाडीत बोटानं मांडीवर रेघा ओढत होती. मग म्हणाली, "मला कळायला पाहिजे होतं. गिऱ्हाईक बसल्यावर घेर वेगळा लागतो, हे मीच सांगते सगळ्यांना."

मामा आत येऊन बसतो आता. आधी गाडीतच घोरायचा. बेकरीतून उरलेले बन घेऊन येतो, "स्टाफला". शर्टला इस्त्री!

३१ मार्च, सोमवार

लाल होतं ते काळपट झालंय. छातीच्या खाली, घडीत, पापुद्रे निघतात. डॉक्टरांनी मलम दिलंय, शेक झाल्यावर लावायचं, आधी नाही. आईचा हात तिथवर पोचत नाही.

"लावतेस?" आईनं भिंतीकडे बघून विचारलं.

मी लावलं. दोघी दोन दिशांना बघत होतो. मला एकदम आठवलं, मी लहान असताना तापानं फणफणले होते आणि तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं होतं. बोटं मशीनच्या तेलाच्या वासाची. सुईनं टोचून टोचून बोटांची टोकं खरखरीत झालेली, म्हणून उलट्या हातानं पुसत होती. मला लागू नये म्हणून. मी आज तसंच केलं. उलट्या हातानं.

आई म्हणाली, "कुठं शिकलीस?"

मी मलमाचं झाकण लावत बसले. घसा!

४ एप्रिल, शुक्रवार

काखेत कातडी फुटली. ओलं झालंय. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस थांबू, सुकू दे, मग राहिलेले शेक पुरे करू. थोडेच राहिलेत. पण पुरे झालेच पाहिजेत, अर्धवट सोडून चालणार नाही.

आई घरी येऊन म्हणाली, "मी नाही जाणार परत."

मामा म्हणाला, "अगं, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं!"

"मग शेपूट तू घे भाजून."

६ एप्रिल, रविवार

आई दिवसभर हात अंगापासून लांब धरून बसते, कमरेवर, भांडायला निघाल्यासारखी. कुठलाही कपडा चालत नाही. ज्याला त्याला कडक शिलाई, नेमकी काखेतच घासते. बाजारातली सैल बंडी मामानं आणली. आईनं घातली आणि लगेच काढून फेकली. "कापड आहे की काथ्या?" मग मामावर ओरडली. मग माझ्यावर, मी काही केलेलं नसताना. मग म्हणाली, "मला हात लावू नका कुणी. शेक पण नको, काही नको. जे व्हायचं ते होऊ दे."

तिला असं कधीच ऐकलं नव्हतं. बिघडलेला कपडा ती कधी टाकून देत नाही. उसवते आणि परत शिवते. ती म्हणतेय जे व्हायचं ते होऊ दे!

मी कपाट उघडून बसले. मऊ काय आहे? तान्ह्या बाळाचं काही शिवायचं असलं की आई कापड गालाला लावून बघते. गालाला टोचलं तर बाळाला टोचणार. मी एकेक काढून गालाला लावलं. चादर, नको. मामाचा शर्ट, नको. सगळ्यात खाली एक पिशवी होती, नीट गाठ मारलेली.

माझा शाळेचा फ्रॉक! आकाशी. मला वाटलं होतं कधीच देऊन टाकला असेल. सहावीपासून नववीपर्यंत तोच एक. आई शिवतानाच खाली भरपूर माया सोडायची, म्हणजे जास्तीचं कापड आत दुमडून. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी मला स्टुलावर उभं करायची आणि एक घडी उसवायची. "वळ. अजून वळ. किती वाढलीस गं, थांबायचं नाव नाही!" शेवटची घडी तशीच आहे. दहावीची.

कापड धुवून धुवून सायीसारखं झालंय. गालाला लावलं तर कळलंच नाही लावलंय ते.

७ एप्रिल, सोमवार

फ्रॉक घेऊन आईसमोर उभी राहिले. कापड तिच्या गालाला लावलं. ती फ्रॉककडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग उशीखाली हात घालून तिनं कात्री काढली. (उशीखाली! आजारपणातसुद्धा!) आणि माझ्यापुढे धरली. मुठीची बाजू माझ्याकडे.

मी घेतली.

फ्रॉकची बंडी बेतली, कापली आणि मशीनवरची चादर काढली. पाय जुळेना, पट्टा सुटला, दोरा तुटला. आतल्या खोलीतून आवाज — "टाका मोठा येतोय! आवाजावरून कळतंय मला इथं!" थोड्या वेळानं — "काखेत घेर दे, कंजूषपणा नको!" मी विचार केला आणि शिलाया सगळ्या बाहेरून घेतल्या. आत एक दोरा नाही. काखेत शिवणच नाही. बाहेरून दिसायला भयंकर, उलटी घातल्यासारखी.

शेवटची घडी उसवली. आतलं कापड गडद, नवं कोरं, ताठ. ते टोचतं म्हणून वापरलं नाही. आई म्हणाली, "ती पट्टी टाकू नकोस." मी घडी करून तिच्या हातात दिली.

१० एप्रिल, गुरुवार

बंडी आईनं अंगात घातली. हात खाली सोडला. हळूच. मग पूर्ण सोडला.

मी श्वास धरून उभी.

म्हणाली, "उजवा खांदा उतरलाय."

म्हणाली, "पण लागत नाही कुठं."

मग म्हणाली, "तुझ्या मामाला गाडी काढायला सांग."

रेघवालीनं बंडी उलटसुलट करून बघितली. "ही कुठं मिळाली? आमच्या कितीतरी बायकांना हवी असते अशी." आईनं माझ्याकडे बोट केलं. मी दाराकडे बघत होते.

१६ एप्रिल, बुधवार

संपले! शेवटचा शेक झाला! डॉक्टर म्हणाले, कातडी अजून आठवडा-दीड आठवडा चिडलेली राहील, घाबरू नका, मग निवळेल. रेघा आता पुसल्या तरी चालतील.

आई घरी येऊन म्हणाली, "राहू दे. आपोआप जातील तेव्हा जातील."

तिला बंडीतच झोप लागली. मी पलीकडे बसून चिंध्या जोडत होते, मशीनवर. थांबले की ती कूस बदलायची. मग मी थांबलेच नाही.

३ मे, शनिवार

ताजी बातमी! मामा लग्न करतोय!! रेघवालीशी!!! आई म्हणाली, "तरी म्हटलं, हा इस्त्री कधी शिकला." उद्या ती लग्नाच्या कपड्यांचं माप द्यायला येणार. आईचा हात वर घेतला की अजून दुखतो, म्हणजे टेप माझ्याकडे. आणि विचारायलाही मलाच लागणार — "सैल हवं की अंगाबरोबर?" सकाळपासून तेवढं एकच वाक्य म्हणून बघतेय. मोठ्यानं.