तीन नंबरचा फ्यूज

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा वायरमन (निवृत्त), असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हातही थरथरत नाही. खुब्याचे हाड मोडल्यामुळे सहा आठवडे मधल्या मजल्यावरच्या खोलीत पडून आहे, एवढेच. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. सकाळी चहा देताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, एवढ्यात कशाला लिहिताय? चांगले ठणठणीत आहात की." ठणठणीत माणसाने लिहिलेलेच टिकते, म्हणून आजच लिहितो. दोन साक्षीदार समोर बसले आहेत.

१. घर. हे तीन मजली राहते घर चिरंजीव आणि कन्या यांना निम्मे निम्मे. कन्या परगावी असते, तिने हिस्सा मागितला तर कोणी तोंड वाकडे करू नये. वरच्या मजल्यावरचा शिवणकामाचा कारखाना चिरंजीवांनीच चालवावा, त्यांच्या हाताला सफाई आहे. मात्र तळमजल्यावर जिन्याखाली जे फ्यूजबोर्डाचे कपाट आहे, त्याची किल्ली सूनबाईंकडे राहील आणि चिरंजीवांनी त्या कपाटाला बोट लावू नये. राग येईल, येऊ दे. कारण कलम चारमध्ये आहे.

२. पोस्टातली ठेव. तिच्यातून सर्वांत आधी कारखान्यासाठी नवी जाड केबल टाकून घ्यावी, उरलेली रक्कम सूनबाईंची. आज भिंतीत जी तार आहे ती मी टाकली तेव्हा वर चार दिवे आणि एक पंखा होता. आता त्याच तारेवर दोन मोठ्या इस्त्र्या चालतात. म्हणून तीन नंबरचा फ्यूज उडतो, आणि चिरंजीव फ्यूजला शिव्या देतात. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. फ्यूज भिंतीतल्या तारेला झेपेल एवढाच लावायचा असतो, आपल्याला हवा तेवढा नाही. नवी केबल टाकायला कारखाना दोन दिवस बंद ठेवावा लागेल. दोन वर्षे मी हेच सांगतो आहे आणि दोन वर्षे मला "ही ऑर्डर जाऊ द्या" हे एकच उत्तर मिळते आहे.

३. हत्यारे. पक्कड, टेस्टर, तिन्ही स्क्रूड्रायव्हर आणि फ्यूजच्या तारेची रिळे नातीला, ती मोठी झाल्यावर. ती सात वर्षांची आहे. मागे फ्यूज उडाला तेव्हा तिने विचारले, "आजोबा, तो का उडाला ते आधी बघायचं ना?" या घरात हा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडलेला नाही. बाळ, तुझ्यासाठी लिहून ठेवतो. आधी मेन बंद. हात आणि पायाखालची जमीन कोरडी. टेस्टर आधी चालू जागी लावून बघ, मग बंद जागी; टेस्टरही खोटे बोलतो. उडण्याचे कारण सापडल्याशिवाय नवी तार घालू नकोस. तार फ्यूजवर लिहिलेल्या अँपिअरचीच, आणि एकपदरी. स्क्रू ज्या बाजूला आवळतो त्याच बाजूने वेढा दे, आणि तार ताणू नकोस. घाई असेल तर पुन्हा पहिल्यापासून वाच.

४. लाकडी डबी. माझ्या उशाशी आहे. तिच्यात एक जुना चिनीमातीचा फ्यूज आणि एक काडेपेटी आहे. फ्यूज चिरंजीवांना, काडेपेटी माझ्या मेहुण्याच्या मुलीला.

एकतीस वर्षांपूर्वी मी एका छापखान्याचे काम बघत असे. मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, तिथेच बाइंडर होता. एका सकाळी कटिंग मशीनचा फ्यूज तीनदा उडाला. मालक म्हणाला, "अहो, आजचा दिवस निभावून न्या. उद्या बघू काय ते." मी केबलच्या तुकड्यातली तांब्याची जाड तार सोलली आणि फ्यूजमध्ये घातली. मेन बंद केल्यामुळे बोर्डाच्या कोपऱ्यात अंधार होता, म्हणून मेहुण्याची काडेपेटी मागून घेतली आणि वेंधळेपणाने खिशात टाकून घरी जेवायला आलो. दुपारी छतातली तार तापून पेटली, खाली कागदाचे गठ्ठे होते. फ्यूज उडाला नाही. उडणारच नव्हता, मी तशी सोयच ठेवली नव्हती. मेहुणा आत होता.

तो सिगारेट ओढायचा, म्हणून सगळ्यांनी सिगारेटवर खापर फोडले. चौकशीचे लोक येण्याआधी मी तो फ्यूज काढून घेतला. मालकाने तर मला चोख कामाचा दाखला दिला, तो फाडून टाकावा. बायको मरेपर्यंत म्हणत राहिली, "माझ्या भावानं स्वतःच्या हातानं जीव घालवला." मी समोर बसून जेवत असे. ती गेली तरी माझे तोंड उघडले नाही. त्या दुपारी त्याच्याकडे काडी नव्हती, ती माझ्या खिशात होती. त्याच्या मुलीला हे सांगावे आणि जमल्यास माझ्या वतीने क्षमा मागावी. तिने केली नाही तरी तिचे बरोबर आहे.

५. आता कारखान्याविषयी. नवी ऑर्डर आल्यापासून तीन नंबर दिवसातून दोनदा उडत होता. इस्त्र्या थांबल्या की चिरंजीव धाडधाड खाली जात, ते मी खाटेवरून ऐकत असे. गेल्या शनिवारपासून, म्हणजे चार दिवस, तो एकदाही उडालेला नाही. काल विचारले, "काय रे, फ्यूज गप्प कसा?" तर म्हणाला, "सुधारला तो, बाबा." आणि हसला.

इथवर लिहिले आणि नात शाळेतून आली. तिची खाट माझ्या शेजारी, भिंतीला लागून. दप्तर टाकताना तिचा हात भिंतीला लागला आणि ती म्हणाली, "आजोबा, भिंतीला ताप आलाय."

मी हात लावून पाहिला. कारखान्याची तार याच भिंतीतून वर जाते.

नातीला अंगणात पाठवले. साक्षीदार क्रमांक एक, पोस्टमास्तर, यांना खाली पाठवले: आधी मेन बंद करा, मग तीन नंबर ओढा आणि वर आणा. त्यांनी आणला. डबीतला फ्यूज काढून शेजारी ठेवला. दोन्हींत तीच तांब्याची जाड तार, आणि वेढेही सारखेच, स्क्रूच्या बाजूने, नीटनेटके. पक्कड धरायला त्याला मीच शिकवले.

वरून आवाज आला, "बाबा, फ्यूज उडाला वाटतं! मी बघतो, तुम्ही उठू नका!"

तो जिना उतरतो आहे. मृत्युपत्र मेल्यानंतर वाचायचे असते हे मला माहीत आहे. पण कलम चार मी त्याला आत्ताच वाचून दाखवणार आहे. बाकीचे नंतर वाचले तरी चालेल.

सही: वायरमन

साक्षीदार १: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर (फ्यूज मी स्वतः काढला. गरम होता.)
साक्षीदार २: कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई

ठिकाण: राहते घर, मधला मजला
दिनांक: १४ मार्च, बुधवार, दुपारी सव्वाचार. मेन बंद.