आमदारांचे वेतन आणि माझे निर्णायक मत

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि शिवणाच्या दुकानातील मोठे यंत्र दोरा तोडत नसेल, अशी आशा आहे. इकडे सर्व खुशाल. फक्त माझे डोके ठिकाणावर नाही. त्याची कारणमीमांसा क्रमाने करतो.

आमदारांचे वेतन ठरवणाऱ्या समितीवर मला घेतले, हे तुला ठाऊकच आहे. (चाळीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवल्याची शिक्षा, असे तुझी भावजय म्हणते.) त्यामागचे तत्त्व फार सुंदर आहे! स्वतःचा पगार स्वतःच ठरवणे शोभत नाही, म्हणून तो आम्ही तिघांनी ठरवायचा. आणि तो लागू व्हायचा निवडणुकीनंतर, म्हणजे आज बाकावर बसलेल्याला तो मिळेलच असे नाही. शिवाय ज्याचा जवळचा नातलग आमदार किंवा नुसता उमेदवार असेल, त्याने त्याच दिवशी समिती सोडायची. इथपर्यंत मला सर्व समजले होते, हे मुद्दाम नमूद करतो.

मग आली तुलनेची पद्धत. आमदाराचे काम कोणत्या कामासारखे, ते शोधून पगार त्याला जोडायचा. मी उत्साहाने मुख्याध्यापक सुचवला (गोंगाट दोन्हीकडे सारखाच). मुख्याध्यापकाचा पगार कशावरून ठरतो ते पाहिले, तर शिक्षणाधिकाऱ्याच्या पगारावरून. शिक्षणाधिकाऱ्याचा पाहिला, तर तो आमदारापेक्षा एक पायरी खाली ठेवावा, असा नियम! हे मी फळ्यावर बाण काढून दाखवले. शेवटचा बाण फिरून पहिल्याच चौकोनात शिरला. आमचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, चष्मा पुसत म्हणाले, "गुरुजी, याची सुरुवात कुठे आहे?" ती आम्ही दोन दिवस शोधली. कपाटामागेही पाहिले, कारण जुन्या फायली तिथे पडतात.

पुढे लोकांची सुनावणी झाली. एक न्हावी म्हणाला, "निम्मा करा." एक रिक्षावाला म्हणाला, "तिप्पट करा, मग खायची गरजच उरणार नाही." मी दोघांनाही एकमेकांचा तर्क सविस्तर समजावला. परिणामी दोघांनी मते बदलली आणि एकमेकांची घेतली. एक आमदार उठून म्हणाले, "मला वाढ नकोच, पण समितीचा अवमान माझ्याकडून होणार नाही." तेव्हा आमच्या तिसऱ्या सदस्य, कारखान्याच्या मालकीणबाई, म्हणाल्या, "आमच्याकडे कामावर आला नाही तर खाडा मांडतो. यांचा कोण मांडतं?" याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हते.

आता न्यायाधीश वाढीच्या बाजूने, मालकीणबाई विरोधात आणि मंगळवारी माझे मत निर्णायक. पूर्वी मला दोन्ही बाजू सांगता येत. हल्ली दोन्ही पटतात. "ठरलं का गुरुजी?" असे भाजीवाली रोज विचारते, म्हणून आठवडाभर आमच्या घरी भाजी नाही.

तुझा गोंधळलेला,
धाकटा

ता. क. : सगळी पेठ तुला ओळखते आणि बोलण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. उमेदवारी अर्ज सोमवारी दुपारपर्यंत घेतात. तुझा अर्ज भरून सोबत ठेवला आहे. फक्त सही कर. अनामत रक्कम माझी.

आणखी ता. क. : निवडून येण्याची मुळीच गरज नाही. मी समितीतून सुटलो की पुरे; उरलेले दोघे आपापले पाहून घेतील.

शेवटचे : चुकून निवडून आलीसच, तर पगार इतका कसा, हे मला विचारू नकोस. ठरवणाऱ्यांत मी नव्हतो.